नारळ आधी की होडी आधी?

आजचा भाग मालवणच्या बंदरावरचा. कानात इअरफोन घालून ऐकत असाल तर मागे जरा वाऱ्याचा आवाज आहे असं समजा.

३० ऑगस्ट २०२३, नारळी पौर्णिमा. आमची पाच-सहा पोरांची गँग एका वाडीत होड्या सजवायला स्वयंसेवक म्हणून गेली होती. काम काय, तर पताका बांधायच्या, होडी घासून धुवायची आणि गर्दीत लहान पोरांना पाण्यापासून लांब ठेवायचं. मी दोरीला गाठ मारली, तर तिथले एक म्हातारे आबा म्हणाले, "अरे, ही गाठ हा की चपलेची नाडी?" आणि सोडून परत मारायला लावली. तीनदा.

पण खरा विषय गाठीचा नव्हता. आबांचा पुतण्या १ ऑगस्टलाच होडी घेऊन समुद्रात गेला होता. म्हणजे नारळाच्या आधी. तेव्हापासून आबांनी त्या होडीत पाय ठेवला नव्हता.

हे कसं झालं ते सांगतो. यांत्रिक होड्यांना सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. इंग्रजी तारीख, दरवर्षी तीच. नारळी पौर्णिमा मात्र चंद्रावर चालते. २०२२ ला ती ११ ऑगस्टला होती. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि ती थेट ३० ऑगस्टला गेली. कायदा म्हणतो जा, पंचांग म्हणतं महिनाभर थांब. पुतण्या मला म्हणाला, "बँकेचो हप्तो पुनवेची वाट बघणा नाय." चूक काय त्याचं?

आबांचंही ऐका. श्रावणातली पौर्णिमा म्हणजे पावसाळी वारा मंदावायची वेळ. जुन्या काळी मालवणातून गलबतं, मचवे, पडाव माल घेऊन निघायचे ते यानंतरच. म्हणून तर इथल्या नारळाला कोळ्यांइतकाच व्यापाऱ्यांचाही मान. आणि किल्ल्याचा नारळ आधी, मग बंदरावरचे बाकीचे, हा क्रम. शिवकाळात सोन्याचा नारळ वाहायचे असं लोक सांगतात. ती गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐकायची, पण सांगणाऱ्याच्या डोळ्यात बघत ऐकायची!

आता जरा तारीख बघा. महाराजांनी सिंधुदुर्गाचा पायाभरणी मुहूर्त धरला २५ नोव्हेंबर १६६४ ला, कुरटे बेटावर. पूजा झाली ती किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्याजवळ. तुम्ही बघितला असेल, गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेला खडक. नोव्हेंबरच का? भर पावसात त्या खडकाळ खाडीतून दगड वाहणारी होडी न्यायची म्हटली तर वेडेपणा झाला असता. आजही किल्ल्याची प्रवासी होडी पावसाळ्यात बंदच असते.

आणि घाई केली तर काय होतं? १७ जुलै १९४७. त्या दिवशी गटारी अमावस्या होती. 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, त्या धामधुमीत ही बातमी देशाच्या इतिहासात कुठेतरी तळाशी जाऊन बसली. कोकणात नाही बसली. आबा म्हणाले, "माका क्यालेंडर नको दाखवू, दर्याक बघ."

माझं मत विचाराल तर, दोघांच्या मधे मी पडलो नाही. मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज बघून पुतण्या जातो, ते काही आंधळेपणाने नाही. पण अंदाज चुकला तर जीव कोणाचा जातो, हे आबांना माहीत आहे.

संध्याकाळी ढोल वाजले, किल्ल्याचा नारळ पाण्यात गेला. जेट्टीवर नारळ लढवायला बायापुरुषांची ही गर्दी. ज्याचा फुटला तो हरला, फुटलेला घेऊन समोरचा चालता! मी दोनदा हरलो.

गर्दी पांगल्यावर आबा होडीपाशी आले. पिशवीतून नारळ काढला, तो पुतण्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच टाक." त्याने वाहिला. मग आबा होडीत चढून बसले आणि मी बांधलेली पताका ओढून बघितली.

गाठ सुटली नाही.