काचपट्टीच्या कडेची सावली

१९५८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे तरुण संशोधक भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूतली एकेक पेशी कान देऊन ऐकत होते. मांजराच्या नेत्रपटलावर ते काळे-पांढरे ठिपके पाडत. पेशी दाद देईना. एकदा ठिपक्याची काचपट्टी उपकरणाच्या खाचेत सरकवताना मात्र लाउडस्पीकर एकाएकी तडतडू लागला. ठिपक्याशी पेशीला देणंघेणं नव्हतंच. तिला हवी होती ती काचपट्टीच्या कडेची सरकती, फिकट सावली आणि तीही एका ठरावीक कोनातली.

पुढे दोघांनी या पेशींची उतरंड मांडली. ‘साध्या’ पेशीला ठरावीक कोनातली रेषा ठरावीक जागीच लागते. ‘जटिल’ पेशीला कोन जुळला की पुरे, रेषा जरा इकडेतिकडे सरकली तरी चालते. मेंदू आधी कडा टिपतो आणि मग त्या जुळवत जातो, असं चित्र यातून उभं राहिलं. १९८१च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता.

हीच उतरंड टोकियोत गणितात उतरली. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० साली ‘निओकॉग्निट्रॉन’ हे आकृत्या ओळखणारं गणिती प्रारूप मांडलं. त्यात थर एकाआड एक होते: एक नक्षी हेरणारा, दुसरा तिचं सरकणं सांभाळून घेणारा. त्यामुळे अंक थोडा वाकडा लिहिला तरी ओळखू येई.

१९८९मध्ये बेल लॅब्जमध्ये यान लकन आणि सहकाऱ्यांनी अशाच थरांच्या जाळ्याला टपालावरचे हस्तलिखित झिप कोड वाचायला शिकवलं. उत्तर चुकलं की त्या चुकीचा हिशेब शेवटच्या थराकडून मागे न्यायचा आणि जाळ्यातल्या प्रत्येक जोडणीचं वजन किंचित बदलायचं, ही पद्धत त्यांनी वापरली. पुढे अशी जाळी बँकांचे धनादेश वाचू लागली. २०१२च्या ‘इमेजनेट’ या चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत ‘अ‍ॅलेक्सनेट’ या अशाच जाळ्याने बाजी मारली, तेव्हा त्याच्या पहिल्या थरात वेगवेगळ्या कोनांतल्या कडा टिपणाऱ्या गाळण्या आपसूक तयार झालेल्या दिसल्या. कडा शोधा, असं त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

इथवर साम्य, पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. यंत्र एकच गाळणी सगळ्या चित्रावरून फिरवतं. मेंदूत दृश्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळ्या पेशी असतात आणि एकीचं शिकणं दुसरीत जसंच्या तसं उतरवता येत नाही. चुकीचा तसा नेमका हिशेब जोडणी-जोडणीतून मागे नेणारी वाट मेंदूत आहे का, यावर मेंदूशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.