लेखवितरण, संकेतस्थळांच्या प्रसिद्धीसाठी

एखाद्या संकेतस्थळाकडे वाचक व ग्राहक वळावेत, या हेतूने त्याच्या विषयाशी निगडित लेख लिहून ते इतरांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य प्रसिद्ध करविण्याची पद्धती. इंग्रजीत ती ‘आर्टिकल मार्केटिंग’ या नावाने ओळखली जाते. लेखकाला लेखाबद्दल पैसे मिळत नसत. लेखाच्या तळाशी त्याचा त्रोटक परिचय व त्याच्या संकेतस्थळाचा दुवा दिला जाई, हाच त्याचा मोबदला. सु. १९९९ ते २०११ हा या पद्धतीच्या भरभराटीचा काळ होय. याच काळात लेख माणसाने वाचावा म्हणून लिहिण्याऐवजी यंत्राने मोजावा म्हणून लिहिला जाऊ लागला. या पद्धतीच्या इतिहासाचे महत्त्व प्रामुख्याने या स्थित्यंतरात आहे.

उपयुक्त मजकूर फुकट देऊन मालाकडे लक्ष वेधण्याची युक्ती आंतरजालापेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील जॉन डिअर या शेतीअवजारांच्या कंपनीने १८९५ मध्ये द फरो हे शेतीविषयक नियतकालिक सुरू केले. फ्रान्समधील मिशलँ या टायर-उत्पादकांनी १९०० मध्ये मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढून ती विनामूल्य वाटली. या दोन्ही उपक्रमांत मजकूर कोणाचा, हे उघड होते. याउलट, अमेरिकन वृत्तपत्रांतून बातमीच्या वेशात पैसे घेऊन छापलेला मजकूरही त्या काळी सर्रास आढळे. त्याला आळा घालण्यासाठी १९१२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून अशा मजकुरावर ‘जाहिरात’ असा शब्द छापणे टपाल-सवलत घेणाऱ्या वृत्तपत्रांस बंधनकारक केले. उघड उपक्रम आणि वेषांतरित जाहिरात हे दोन्ही प्रवाह पुढे आंतरजालावर आले व तेथे एकमेकांत मिसळले.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ई-मेलद्वारा वितरित होणारी छोटी नियतकालिके मोठ्या संख्येने निघू लागली. ती बहुधा एकहाती चालत. संपादकापाशी वर्गणीदार असत, पण मजकुराचा तुटवडा असे. दुसरीकडे लहान व्यावसायिकांपाशी विषयाची जाण होती, परंतु जाहिरातीसाठी पैसा नव्हता. या दोहोंची गाठ घालून देणारी लेखभांडारे उदयास आली. १९९९ मध्ये सुरू झालेले ईझिनआर्टिकल्स हे त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध. येथील लेख कोणीही उचलून छापावा, मात्र तळाचा लेखकपरिचय व दुवा तसाच ठेवावा, अशी अट असे. ॲमेझॉन कंपनीने १९९६ मध्येच इतरांच्या संकेतस्थळांमार्फत होणाऱ्या विक्रीवर दलाली देण्यास प्रारंभ केला होता. त्यामुळे स्वतःचा माल नसलेल्या व्यक्तीलाही लेख लिहून कमाई करता येऊ लागली. प्रारंभीचे पुष्कळ लेख साधे, अनुभवातून आलेले व वाचकाच्या उपयोगी पडणारे होते, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

या व्यवस्थेचे स्वरूप पालटले ते शोधयंत्रांमुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत एखाद्या पानाचे महत्त्व त्याकडे निर्देश करणाऱ्या दुव्यांवरून ठरविले जाई. शिवाय निर्देश करणारे पान स्वतः जितके महत्त्वाचे, तितके त्याच्या दुव्याचे वजन अधिक. विद्वानांच्या निबंधांतील संदर्भांची मोजदाद करून निबंधाचे महत्त्व अजमावण्याची रीत यूजीन गारफील्ड यांनी पूर्वीच रूढ केली होती. तिचेच हे विस्तारित रूप म्हणता येईल. दुवा म्हणजे एका लेखकाने दुसऱ्याची केलेली शिफारस, हे या पद्धतीचे गृहीत होते. दुवे मोजले जात नव्हते तोवर ते बहुतांशी खरेही होते. ते मोजले जाताहेत हे लोकांना उमगताच दुवा ही पिकविण्याची व विकण्याची वस्तू झाली. लेखभांडारांत लेख टाकला की दुवा आपोआप मिळे, आणि लेख जितक्या ठिकाणी पुनर्मुद्रित होई तितके दुवे वाढत. लेख वाचला जाणे आता अनावश्यक होते. २००३ मध्ये गूगलने इतरांच्या पानांवर जाहिराती दाखवून उत्पन्नाचा वाटा देणारी ‘ॲडसेन्स’ योजना सुरू केल्यावर खुद्द भांडारांनाही अधिक लेख म्हणजे अधिक उत्पन्न, असे गणित सापडले.

यातून उद्भवलेल्या प्रथांपैकी ‘स्पिनिंग’ म्हणजे लेख फिरविणे ही सर्वांत विचित्र होय. एकच लेख शंभर ठिकाणी दिल्यास शोधयंत्र त्यांतील एखादीच प्रत विचारात घेई. म्हणून मूळ लेखातील शब्दांच्या जागी पर्यायी शब्द घालून त्याच्या शेकडो आवृत्त्या काढणारी संगणक-आज्ञावली विकली जाऊ लागली. तिला अर्थ कळत नसे. मराठीत कल्पून पाहावयाचे तर ‘हृदयविकाराचा झटका’ याचे ‘मनविकाराचा हिसका’ व्हावे, तशा प्रकारचे इंग्रजी तयार होई. आरोग्य, कर्ज, विमा या विषयांवर असे लेख विशेष निघत, कारण त्या विषयांवरील जाहिरातींना दर चांगला मिळे. ज्या वाचकाला खऱ्या माहितीची सर्वाधिक निकड, त्याच्याच वाट्याला हा मजकूर येई.

मजकुराचे कारखानेही निघाले. असोशिएटेड कंटेंट (स्थापना २००५) ही कंपनी याहूने २०१० मध्ये सु. १० कोटी डॉलरना विकत घेतली. २००६ मध्ये स्थापन झालेली डिमांड मीडिया ही कंपनी लोक काय शोधतात याचे गणित मांडून त्यानुसार लेखकांना विषय देई. २००९ च्या सुमारास ती लेख व चित्रफिती मिळून दिवसाला सु. ४,००० नग प्रसिद्ध करीत होती आणि एका लेखाला साधारणतः १५ डॉलर मिळत. याहून हलक्या दर्जाचे काम परदेशी कंत्राटावर जाई. इंग्रजी लिहू शकणारे अनेक भारतीय त्यात गुंतले होते. स्वतःचे नाव नसलेला, स्वतःला ठाऊक नसलेल्या विषयावरचा लेख तासाभरात पुरा करणे, हे त्या कामाचे स्वरूप होते. जानेवारी २०११ मध्ये डिमांड मीडियाचे भाग बाजारात आले, तेव्हा तिचे बाजारमूल्य द न्यूयॉर्क टाइम्सच्या मालक कंपनीहूनही अधिक झाले.

त्यानंतर महिन्याभरात, २४ फेब्रुवारी २०११ रोजी, गूगलने आपल्या क्रमवारीत निकृष्ट मजकुराची स्थळे मागे टाकणारा बदल जाहीर केला. ‘पांडा’ या नावाने तो प्रसिद्ध आहे (हे नाव प्राण्याचे नसून त्यावर काम करणाऱ्या एका अभियंत्याचे आडनाव आहे). अमेरिकेतील सु. ११·८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. लेखभांडारांचे वाचक, जे मुख्यतः शोधयंत्राकडूनच येत, एकाएकी आटले. एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ या बदलाने कृत्रिम दुवे मिळविणारी स्थळे मागे पडली. वर्षानुवर्षे खटपटीने मिळविलेले दुवे आता काढून टाका, अशी पत्रे संकेतस्थळांचे मालक भांडारांना पाठवू लागले आणि काही भांडारांनी त्यासाठीही शुल्क आकारले! ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने नको असलेले दुवे नाकारण्याची सोय केली. याहूने आपले लेखस्थळ २०१४ मध्ये बंद केले. डिमांड मीडियाने २०१६ मध्ये नाव बदलले.

पद्धती मात्र नामशेष झाली नाही. भांडारांची जागा प्रतिष्ठित स्थळांवरील ‘अतिथी-लेखांनी’ घेतली. दुव्यांसाठी केलेले अतिथी-लेखनही दूषित झाल्याचे गूगलचे अधिकारी मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितले, आणि मे २०१७ मध्ये कंपनीने मोठ्या प्रमाणावरील लेख-मोहिमांविरुद्ध पुन्हा इशारा दिला. वेषांतरित जाहिरातीचा जुना प्रश्नही शिल्लक होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१५ मध्ये लेखवजा जाहिरातींविषयी धोरण प्रसिद्ध केले. भारतात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये हाताळला. मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेने समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींच्या सशुल्क मजकुराला स्पष्ट खूण असावी, असे नियम २०२१ मध्ये केले. १९१२ च्या अमेरिकन कायद्याचे तत्त्व या नियमांतही दिसते. फरक एवढाच, की ‘जाहिरात’ हा शब्द माणसाला वाचता येतो, तर क्रमवारी लावणाऱ्या यंत्रासाठी दुव्यावरच वेगळी सांकेतिक खूण करावी लागते. अशी खूण २००५ पासून उपलब्ध असूनही दुवे विकणारे ती करीत नसत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे संभाषणकारी यंत्र खुले झाल्यावर शब्द फिरविणाऱ्या जुन्या आज्ञावलींचे प्रयोजन संपले. व्याकरणशुद्ध लेख क्षणार्धात व जवळजवळ फुकट तयार होऊ लागले. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या नियमांत बदल करून, क्रमवारी वाढविण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, तसेच नामांकित स्थळाच्या आश्रयाने छापलेला त्रयस्थांचा मजकूर हे दोन्ही गैरवापराचे प्रकार ठरविले.