घर घेणाऱ्याचा दलाल : कायद्याच्या इतिहासातील एक उणीव

प्रताप मिल आणि १९४५ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स (आजची विप्रो) यांमुळे अमळनेर उद्योगाचे गाव म्हणून ओळखले गेले. अशा गावात जुने घर घेणाऱ्याच्या बाजूने कोण उभे राहते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, आपल्याला अंधारात ठेवून अभिकर्त्याने स्वतःसाठी व्यवहार केल्यास त्यातील लाभ मागण्याचा हक्क त्याला नेमणाऱ्यास मिळाला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने साधारण दक्षतेने न दिसणारे, पण स्वतःस ठाऊक असलेले महत्त्वाचे दोष सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले. तथापि, दोन्ही पक्षांकडून दलाली घेणारा मध्यस्थ नेमका कोणाचा, हा प्रश्न व्यवहारात उरलाच. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने दलालांची नोंदणी सक्तीची केली. परंतु ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरतीच. गल्लीतील जुने घर या कक्षेबाहेर राहिले.

सारांश, अशा खरेदीदाराचे संरक्षण आजही मुख्यतः १९ व्या शतकातील कायद्यांवर विसंबून आहे. म्हणून दलाल कोणाच्या वतीने काम करतो आणि दलाली कोण देतो, हे त्याने आरंभीच लेखी ठरवून घेणे अगत्याचे ठरते.