प्रस्तावना : आफ्रिकेचे बदलते ताट

ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही आपली रोजची धान्ये मुळात आफ्रिकेतली. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि देशावर, कोकणात घरोघर रुजली. खुद्द आफ्रिकेत मात्र बऱ्याच भागांत विसाव्या शतकात त्यांची जागा मक्याने घेतली. आता शहरी घरांत त्या मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीशेजारी पांढरा पाव, तळलेले बटाटे, तळलेली कोंबडी आणि गोड शीतपेये आली आहेत. हा बदल माणसांच्या शरीरात काय घडवतो, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासक्षेत्रात मराठी वाचकांचे मनापासून स्वागत.

युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात काम केलेल्या डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल यांना आफ्रिकी रुग्णांत हृदयविकार किंवा लठ्ठपणा क्वचितच दिसे. ट्रॉवेल यांनी १९६० साली आपल्या ग्रंथात तशी नोंद केली. पुढे दोघांनीही याचे श्रेय आहारातल्या चोथ्याला दिले. १९९३ मध्ये बॅरी पॉपकिन यांनी ‘पोषण-संक्रमणा’ची मांडणी केली. उत्पन्न वाढते, शहरे फुगतात, अंगमेहनत घटते, तेल-साखर स्वस्त होते आणि कुपोषण पुरते सरायच्या आतच स्थूलता दाराशी येते.

ही मांडणी हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. केनियात प्रमाणाबाहेर वजन असलेल्या स्त्रिया २००८-०९ च्या पाहणीत २५ टक्के होत्या, २०१४ मध्ये ३३ टक्के; तिथे वजन सुबत्तेबरोबर चढते. दक्षिण आफ्रिकेत २०१६ साली हे प्रमाण स्त्रियांत ६८ टक्के आणि पुरुषांत ३१ टक्के होते, आणि गरीब वस्त्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या स्त्री-पुरुषांत एवढे अंतर का? ‘पाश्चात्त्यांचे अनुकरण’ हे उत्तर इथे अडते. केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीतल्या अभ्यासांत स्त्रियांनी सांगितले, की भरलेले अंग ही सुखी संसाराची आणि मानाची खूण आहे. एचआयव्हीच्या साथीत तर बारीक होणे म्हणजे शेजाऱ्यांच्या नजरेत आजारी ठरणे. शिवाय वर्णभेदी राजवटीने कृष्णवर्णीयांना शहरापासून लांब वसवले, म्हणून सोवेटोतून जोहान्सबर्गला कामावर जाणाऱ्यांचा दिवस प्रवासातच सरतो. मग कोपऱ्यावरचा ‘कोटा’ सोयीचा पडतो : पावाची चतकोर लादी पोखरून त्यात बटाट्याचे तळलेले काप आणि मांसाचे स्वस्त काप भरलेले. हे खाद्य अमेरिकेतून आलेले नाही, सोवेटोसारख्या वस्त्यांनीच ते घडवले. अशा निवडीला अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मराठी वाचकाने या विषयाकडे परका म्हणून पाहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास केला. वजनाने हलक्या नवजात बाळांतही मेदाचे प्रमाण तुलनेने जास्त असल्याचे त्यांना दिसले. सोवेटोत १९९० साली जन्मलेल्या मुलांचाही असाच दीर्घ मागोवा घेतला गेला. ही दोन्ही कामे शेजारी ठेवून वाचावीत. गर्भातली टंचाई आणि नंतरची रेलचेल यांची गाठ कशी पडते, हा या क्षेत्रातला मला सर्वांत कळीचा वाटणारा प्रश्न आहे.

धोरणांकडे त्यानंतर वळावे. दक्षिण आफ्रिकेने एप्रिल २०१८ पासून साखरयुक्त पेयांवर कर बसवला. १०० मिलिलिटरमागे ४ ग्रॅमपर्यंतची साखर करमुक्त, त्यापुढच्या प्रत्येक ग्रॅमवर आकारणी. त्यानंतर अशा पेयांतून घरात येणारी साखर घटल्याचे खरेदीच्या नोंदींवरून दिसले. वस्तीपासून कामापर्यंतचे अंतर मात्र करप्रणालीच्या कक्षेत येत नाही. म्हणून इथे वैद्यकाइतकेच नगररचनेचे, इतिहासाचे आणि स्त्री-अभ्यासाचे अभ्यासकही हवे आहेत.