मोटारसायकलस्वाराचें बारमाही जाकीट

पायीं चालणारा मनुष्य पाऊस आला कीं आडोसा शोधतो; मोटारींतला मनुष्य कांच वर चढवितो. फटफटीवर बसलेल्याला या दोन्ही सोयी नाहींत. त्याच्या अंगावर पाऊस नुसता पडत नाहीं, वाऱ्याच्या जोरानें तो अंगावर फेकला जातो आणि गळपट्टींतून, बाह्यांच्या तोंडांतून, बटणांमधल्या फटींतून आंत शिरतो. शिवाय दुर्दैवानें चाक घसरलें, तर पाऊस थोपविणाऱ्या त्याच कापडाला क्षणार्धांत रस्त्याच्या खडीशीं झुंजावें लागतें. पाणी आंत येऊं नये, घाम बाहेर जावा आणि कातडें सोलवटूं नये, हीं तीन कामें एकाच वस्त्रानें करावीं ही अपेक्षा कांहीं लहान नव्हे. ती पुरी करण्याची खटपट दोनशें वर्षांपूर्वीं सुरू झाली. दुकानांत जाकीट निवडतांना हा इतिहास ठाऊक असला तर पैसे वांचतात, प्रसंगीं हाडेंहि.

श्रोतेहो, आरंभ ग्लासगो शहरांतील डांबरापासून करावा लागतो. तेथें दिव्यांसाठीं कोळशाचा वायु काढीत, आणि मागें उरलेलें डांबर कोणास नको असे. चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनज्ञानें त्यांतून निघणाऱ्या नॅफ्थ्यांत रबर विरघळविलें, तो रस दोन कापडांच्या मध्यें लावला, आणि १८२३ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पाण्यास पुरता अटकाव झाला. परंतु हें कापड थंडींत फळीसारखें ताठ होई, उन्हांत चिकटे, आणि त्याचा वास लपविण्यासारखा नव्हता. शिंप्याच्या सुईनें पडलेल्या भोंकांतून पाणी पाझरे, ही तक्रार निराळीच. ताठपणा व चिकटपणा यांवर औषध सांपडलें तें गंधकाचें. चार्ल्स गुडइयर यास अमेरिकेंत १८३९ सालीं रबर व गंधक एकत्र तापविण्याची युक्ति सांपडली, आणि इंग्लंडांत टॉमस हॅन्कॉक यानें तीच क्रिया सिद्धीस नेली. शिवणीचें भोंक मात्र अद्याप कारागिरांना छळीत आहे.

रबराचा मूळ दोष याहून खोल होता. जें पाण्याला आंत येऊं देत नाहीं, तें घामालाहि बाहेर जाऊं देत नाहीं. मनुष्य पावसानें न भिजतां स्वतःच्याच घामानें भिजतो. बेसिंगस्टोक येथील टॉमस बर्बरी यानें उलट वाट धरली. विणलेल्या कापडाला लेप देण्याऐवजीं त्यानें सूतच आधीं जलरोधक केलें आणि मग दाट वीण घातली. १८८८ सालीं पेटंट झालेलें हें गॅबर्डीन अंगाला हवा देई आणि सर झटकून टाकी. मुसळधार पावसापुढें मात्र तें फार वेळ टिकत नसे.

एव्हांना मोटारसायकल जन्मास आली होती. डाइमलरची लाकडी गाडी १८८५ ची. म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वुल्फम्यूलर यांनीं १८९४ पासून गाड्या विक्रीस काढल्या. पुढें स्वारांनीं चामडें जवळ केलें, आणि तें योग्यच होतें. घासटण्यास तोंड देण्यांत चामड्याची बरोबरी करणें कापडाला फार काळ साधलें नाहीं. पण चामडें पाणी पितें, जड होतें, आणि वाळतां वाळत नाहीं. श्रावणांत आपल्या कपाटांतील पट्ट्यांवर व जोड्यांवर जी बुरशी चढते, ती पाहिलेल्यास अधिक सांगणें नलगे.

उपाय आला तो समुद्राकडून. जहाजांच्या शिडांना जवसाचें तेल पाजण्याची रीत जुनी होती, आणि खलाशी त्याच जातीचे अंगरखे घालीत. पुढें तेलाच्या जागीं मेण आलें. साउथ शील्ड्स बंदरांत बार्बर यांचें दुकान १८९४ पासून खलाशांना व गोदीकामगारांना असे कपडे पुरवीत होतें. या घराण्यानें १८३६ सालीं नव्हे, तर मोटारसायकलींच्या भर उमेदीच्या काळांत, १९३६ सालीं, आंतरराष्ट्रीय षड्दिवसीय शर्यतीसाठीं मेणकापडाचा खास पोषाख काढला. छातीवरचा डावा खिसा तिरपा, कारण चिखलांतून जातां जातां उजव्या हातानें नकाशा ओढून काढतां यावा! स्टॅफर्डशायरमधील लाँगटन गांवीं १९२४ सालीं निघालेल्या बेलस्टाफ कंपनीनें १९४८ मध्यें आपलें ट्रायलमास्टर जाकीट आणलें. १९६४ सालीं पूर्व जर्मनींतील एरफुर्ट येथें सिनेनट स्टीव्ह मॅक्वीन अमेरिकेच्या संघांतून त्याच षड्दिवसीय शर्यतींत उतरला, तो बार्बरचें जाकीट घालून. तेव्हांपासून हीं जाकिटें न भिजणाऱ्या लोकांच्याहि अंगावर दिसूं लागलीं. मेणकापडाला वर्षाकाठीं पुन्हां मेण पाजावें लागतें, गरम पाणी वर्ज्य, आणि उन्हांत तें शेजारच्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आपली खूण ठेवून जातें.

यानंतरची प्रगति प्रयोगशाळेंत झाली. १९३८ या एकाच वर्षीं ड्यूपाँ कंपनीनें नायलॉन जगापुढें ठेवलें, आणि तिच्याच रॉय प्लंकेट या तरुण रसायनज्ञाला, पुढें टेफ्लॉन म्हणून गाजलेला निसरडा पांढरा पदार्थ अवचित गवसला. एकाकडून जाकिटाचें बाहेरचें कापड यावयाचें होतें, दुसऱ्याकडून आंतला पापुद्रा. हें तेव्हां कोणाच्या ध्यानीं येणें शक्य नव्हतें. ड्यूपाँ सोडून १९५८ सालीं स्वतःचा धंदा काढणारे बिल गोर यांचा मुलगा बॉब, १९६९ मध्यें या टेफ्लॉनच्या तापविलेल्या कांड्या हळूहळू ताणून लांब करूं पाहत होता. त्या दर वेळीं तुटत. शेवटीं वैतागून त्यानें एकीला जोराचा हिसडा दिला, आणि ती न तुटतां कितीतरी पट लांबली! अशा ताणलेल्या पापुद्र्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात. पाण्याचा थेंब त्यांतून जाऊं शकत नाहीं, पण वाफेचा कण सहज जातो. १९७६ पासून हें कापड गोर-टेक्स या नांवानें बाजारांत आलें. आरंभींच्या कोटांत घामांतील तेलकटपणानें पापुद्रा खराब होऊन गळती लागे. पुढें त्यावर दुसरा थर देऊन तो दोष काढला.

हीं दोन्ही सूत्रें मोटारसायकलस्वारासाठीं एकत्र आणण्याचें श्रेय मिनेसोटांतील डुलूथ गांवच्या अँडी गोल्डफाइन यांना दिलें पाहिजे. कचेरीचे कपडे न बदलतां वरून चढवावा, पोंचल्यावर उतरवून खुंटीला टांगावा, असा कॉर्डुरा नायलॉनचा व गोर-टेक्सचा एकसंध पोषाख त्यांनीं १९८३ पासून विकला. सांध्यांवर गाद्या बसविल्या. माझ्या मतें बारमाही जाकिटाचा जन्म तेथें झाला.

आतां निवडीकडे वळूं. कापडाच्या चिठ्ठीवर डेनियर लिहिलेले असतात: ९००० मीटर धाग्याचें वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. ५०० डेनियरचें दाट कापड चांगलें. पण आंकड्यापेक्षां परीक्षा अधिक बोलते. युरोपांत २०१८ पासून संरक्षक म्हणून विकल्या जाणाऱ्या पोषाखास प्रमाणपत्र सक्तीचें आहे, आणि २०२० च्या नियमांप्रमाणें ए-ए-ए, ए-ए, ए असे उतरते वर्ग आहेत. खांद्याकोपरांच्या गाद्यांची परीक्षा ५० ज्यूलच्या आघातानें होते: पहिल्या पातळींत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंतचा दाब आंत पोंचूं दिला जातो, दुसरींत २० पर्यंत. आपल्याकडे १९८८ चा कायदा शिरस्त्राण सांगतो. जाकिटाचें नांवहि घेत नाहीं. तेव्हां विचार आपणच करावयाचा.

पापुद्र्याविषयीं एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाहीं. वाफ आंतून बाहेर जाते ती बाहेरची हवा आंतल्यापेक्षां कोरडी वा थंड असेल तेव्हां. डुलूथच्या गारठ्यांत हा फरक भरपूर असतो. आषाढांत आंबोली घाटाखालीं कोंकणांत तो फारच थोडा उरतो, आणि महाग पापुद्राहि रबराच्या कोटाप्रमाणें वागूं लागतो. हिमालयांत जाणाऱ्यानें कापडालाच चिकटविलेल्या पापुद्र्याचें जाकीट खुशाल घ्यावें. मुंबईपुण्याच्या स्वाराला जाळीदार, चांगल्या गाद्यांचें जाकीट आणि वरून चढवावयाचा सैल पावसाळी कोट अधिक मानवतो. आंत बटणांनीं लावावयाचें जलरोधक अस्तर स्वस्त पडतें खरें; पण तें लावण्यासाठीं भर पावसांत जाकीट उतरावें लागतें, आणि बाहेरचें कापड भिजून दिवसभर अंगावर ओझें होऊन राहतें.

टेफ्लॉनच्या कुळांतील रसायनें निसर्गांत सहजीं विरत नाहींत, म्हणून गोर कंपनीनें २०२२ पासून पॉलिएथिलीनचा पापुद्रा आणला आहे. कोणताहि पापुद्रा असो, वरच्या कापडावर पाण्याचे थेंब न ठरतां पसरूं लागले कीं जलरोधक द्रव पुन्हां लावावा. आणि दुकानांत आरशासमोर उभें राहून जाकीट पाहूं नये. हात पुढें करून, गाडीवर बसल्यासारखें वांकून पाहावें: बाही मनगटावरून वर सरकते काय, आणि कोपराची गादी कोपरावरच राहते काय.