दिंडीची गाडी : शंभर वर्षांचं ओझं कोणी वाहिलं

स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं, "बुवा, शंभर वर्षांत दिंडीचं सामान कसं गेलं, गाडी कधी आली आणि पुरात बुडालेली गाडी परत रस्त्यावर कशी आली, ते तुम्ही लिहा." विणेकरी, चोपदार, कीर्तनकार यांची माहिती या पुस्तकात आहेच. ओझं वाहणाऱ्यांचं कुणी लिहीत नाही. आम्ही चौथी शिकलेले, नांगर धरणारे. बोलायची सवय आहे, लिहायची नाही. तरी जसं ऐकलं आणि पाहिलं तसं मांडतो. गोड मानून घ्या.

माऊली, वारी पायांनी होते हे खरं. पण पायांना रात्री भाकरी लागते, डोक्यावर आडोसा लागतो. हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबारायांचा सोहळा उभा केला, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. ती सेवा अजून चालू आहे. म्हणजे टाळ-वीणा जितकी जुनी, तितकीच तंबू आणि शिधा वाहायची सेवाही जुनी. तिला कमी लेखू नये.

आपल्या महाड-पोलादपूरच्या माणसाची वारी देशावरच्या माणसाहून वेगळी. आषाढात आपल्याकडे आवणी असते. गुडघाभर चिखलात रोपं लावायची सोडून जाणार कसं? म्हणून आपल्या वाडवडिलांनी कार्तिकी धरली. हळवं भात कापायचं, गरवं भात घरच्यांच्या हवाली करायचं, दिवाळीची पहिली अंघोळ गावात करायची आणि निघायचं. बाकीची दिवाळी वाटेत. महाड, बिरवाडी, वरंध, माझेरी, मग घाट चढून वाघजाईला नारळ. पुढे शिरगाव, हिर्डोशी, भोर, शिरवळ, लोणंद आणि तिथून फलटणच्या वाटेनं पंढरपूर.

पहिल्या पिढीत सामान डोक्यावर जायचं. वरंध घाट चढला की भोर संस्थानाची हद्द लागायची. संस्थान 1948 साली विलीन झालं, त्याआधीच्या वाऱ्या जुन्या माणसांनी आम्हाला सांगितल्या आहेत. तांदूळ, नाचणीचं पीठ, सुकी मिरची, एक मोठा टोप आणि घोंगड्या. टोप दोघांनी काठीला अडकवून न्यायचा. पाऊल चुकलं तर टोप दरीत आणि दिंडी उपाशी.

ओझं वाहणाऱ्यांत सगळ्या जातींची माणसं होती. 1927 साली महाडला चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्या काळातली ही गोष्ट. दिंडीचा शिधा दोनशे-अडीचशे किलोमीटर डोक्यावरून नेणारा माणूस पंढरपुरात पोचला की चोखोबांच्या समाधीपाशी थांबायचा. देवळात त्याला मज्जाव. 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केलं आणि विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा तर हेही लिहिलं पाहिजे. ज्यांच्या डोक्यावर आमचा तांदूळ गेला, त्यांना पहिली वीस वर्षं दर्शन नव्हतं.

नंतर बैलगाडी आली. घाटाच्या चढाला जादा जोडी जुंपायची, उताराला चाकामागे ओंडका ओढत न्यायचा. मग मोटारीचे दिवस आले. आपण ज्याला टेम्पो म्हणतो ते खरं एका जर्मन कंपनीचं नाव. पुण्यात आकुर्डीला बजाज टेम्पोचा कारखाना झाला आणि नाव मराठीत मुरलं. 1986 साली टाटाची 407 आली आणि घाटातल्या गावांना मालाची सोय झाली. आपली दिंडी बरीच वर्षं भाड्यानं गाडी करायची. पण भाड्याची गाडी दिवाळीत मिळायची नाही, मिळाली तर दुप्पट भाडं. शेवटी मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी काढली, गावानं भात विकून भर घातली आणि एक डिझेल पिकअप जुनी विकत घेतली. तेव्हापासून टोप, कढया, राहुट्या, ताडपत्र्या, वळकट्या, पाण्याची टाकी सगळं तिच्या हौद्यात.

नियम पहिल्याच वर्षी ठरला. गाडी पुढे मुक्कामाला जाईल, स्वयंपाकी तिच्यात बसतील, आजारी माणूस बसेल. वीणा आणि पताका गाडीत चढणार नाहीत. त्या चालतच जातील. नियम आजवर मोडलेला नाही. आणि गाडी आल्यापासून दिंडीत बायामाणसं वाढली, साठी ओलांडलेली वाढली, कारण पाठीवरचं ओझं उतरलं. हा फरक आम्ही डोळ्यांनी पाहिला.

आता 2021 सालाकडे येतो. कोरोनानं वारी बंद होती. 2020 साली आणि 2021 सालीही संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आपली गाडी महाडात बाजारपेठेमागे एका ओळखीच्या आवारात उभी होती. 20 जुलैला आषाढी एकादशी झाली. आम्ही घरीच पूजा केली. बाहेर पाऊस थांबत नव्हता.

आपल्याला पाऊस नवा नाही. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथं दरडी आल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल दोन एसट्यांसकट गेला. पण 22 जुलैचा दिवस निराळाच. महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस. ते पाणी सावित्रीत उतरलं, गांधारी आणि काळ नदी फुगल्या. खाडीला भरती असली की पाण्याला पुढे वाट मिळत नाही, हे महाडकरांना सांगायला नको. शहरात दुकानांचे पत्रे बुडाले. त्याच दिवशी तळीये गावाची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. ज्यांच्या घरी आम्ही जेवलो, ज्यांच्या ओसरीवर भजन केलं, अशी घरं त्यात होती. त्यावर जास्त लिहवत नाही.

पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी गाडीपाशी गेलो. टपावर गवत अडकलेलं, केबिनमध्ये सीटपर्यंत चिखल. भंगारवाला त्या दिवसांत गल्लोगल्ली फिरत होता. त्यानं वजनावर किंमत सांगितली. पुढच्याच महिन्यात, 13 ऑगस्टला, सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण जाहीर केलं. तेव्हा काही जण म्हणाले, "बुवा, देवानंच निकाल दिला. विका."

देवळात बैठक बसली. दोन मतं पडली आणि दोन्हींत अर्थ होता. एक म्हणालं, माणसांना घरं नाहीत, गाडीवर पैसा घालायचा तर पांडुरंगालाही पटणार नाही. दुसरं म्हणालं, गाडी गेली तर दिंडी बसेल, नवीन गाडीचा हप्ता आपल्याला जन्मात फिटायचा नाही. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक म्हातारी, जिनं चाळीसेक वाऱ्या केल्या होत्या, मागून म्हणाली, "वर्गणी मागू नका. पण हात तर रिकामे आहेत ना? धुवा तरी." तोच ठराव झाला. पुरातल्या घराकडे एक रुपया मागायचा नाही. मजुरी आपण करायची. सुट्या भागांचे पैसे मुंबईकर आणि भात विकून.

मेस्त्रींचं स्वतःचं गॅरेज बुडालं होतं. पाने, जॅक चिखलातून वेचून काढलेले. त्यांनी आल्या आल्या एकच विचारलं, "चावी फिरवली का?" कुणी फिरवली नव्हती. म्हणाले, "मग जगेल."

कारण समजून घ्या, पुढच्या पोरांना उपयोगी पडेल. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियरनं 1897 साली हे इंजिन चालवून दाखवलं. आत हवा इतकी दाबायची की ती तापते, मग नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा येतो आणि आपोआप पेटतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर आतला दांडा वाकतो आणि इंजिन संपतं. त्या आठवड्यात महाडात कितीतरी गाड्या पाण्यानं नव्हे, घाईनं मेल्या.

पहिल्यांदा बॅटरी काढली. हवेचा फिल्टर काढला तर आत माती. मग चारही नोझल काढले आणि पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. नोझलच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. स्वच्छ डिझेल ओतलं, रात्रभर मुरू दिलं, परत फिरवलं. खालचं ऑईल सोडलं तर दुधाच्या चहासारखं आलं, म्हणजे पाणी मिसळलेलं. चेंबर उतरवून खरवडलं. गिअरबॉक्स आणि मागच्या हाउजिंगचं ऑईलही तसंच निघालं. डिझेलची टाकी खाली घेतली. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं, म्हणून टाकी उलटी करून उन्हात ठेवली. ऊन मात्र श्रावणात कुठलं? चुलीजवळ वाळवली.

पंप आणि नोझल हे नाजूक काम. त्याला खास दुकान लागतं. महाड बुडालेलं, चिपळूणही त्याच दिवशी बुडालेलं. घाट खचलेले. दोन पोरं माणगावहून ताम्हिणी घाटानं मोटारसायकलवर पंप घेऊन पुण्याला गेली. पंप बांधून आला, तोवर इथं बाकीचं चालू होतं. सेल्फ आणि डायनामो उघडून वाळवले. क्लच प्लेट गंजून चिकटली होती, ती सोडवली. चाकांची बेअरिंगं धुऊन नवं ग्रीस भरलं. ब्रेकचे लायनर चिखलानं गुळगुळीत झालेले, ते बदलले, व्हील सिलिंडरची किटं घातली. वायरिंग सगळं नवं ओढलं. पाट्यांमधली माती काढायला तर बायका आल्या. भाताच्या खाचरातली माती उपसणारे हात, त्यांना काय अवघड?

मेस्त्री म्हणाले, "बुवा, ही जुनी आहे म्हणून वाचली. नव्या गाडीत कॉम्प्युटर असतो, तो भिजला की गाडी शोरूमलाच." जुनं सगळंच चांगलं असं आम्ही म्हणत नाही. पण जे आपल्या हातानं उघडता येतं, ते आपल्या हातानं बरं करता येतं.

नवरात्रात सेल्फ मारला. दोनदा नुसता घुर्र आवाज. नळीत हवा धरली होती, ती पंपाजवळचा स्क्रू सैल करून काढली. तिसऱ्यांदा पांढरा धूर, मग काळा, मग इंजिन लागलं. थोडा वेळ चालवून ते ऑईलही ओतून दिलं आणि परत नवं भरलं, कारण उरलेली माती त्यातच येते. मेस्त्रींनी मजुरीत तांदूळ घेतले. पैसे म्हणाले पुढच्या वर्षी.

त्या कार्तिकीला, 15 नोव्हेंबरला, पंढरपूरला यात्रा भरली. पण एसटीचा संप चालू होता आणि गाडीचं पासिंग झालेलं नव्हतं. पासिंगशिवाय गाडी घाटावर न्यायची नाही असं ठरलेलं, म्हणून दिंडी निघाली नाही. मोजकी माणसं मिळेल त्या गाडीनं गेली. हौद्याला खालून गंज होता, तिथं पत्रा मारून वेल्डिंग केलं. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्या लावल्या. विमा उतरवला, धुराचं प्रमाणपत्र काढलं, पर्यावरण कर भरला आणि गाडी पेणला आरटीओकडे नेली. पहिल्या वेळी हँडब्रेक कमी धरतो म्हणून परत पाठवली. ते बरंच झालं, वरंध घाटात तोच लागतो. दुसऱ्या वेळी पास झाली.

पास झाल्यावर पहिली खेप वारीची नव्हती. बैठकीत ज्यांनी घरांचं म्हणणं मांडलं होतं, त्यांनाच आम्ही विचारलं, पहिलं कुठे जायचं? ते म्हणाले, वाडीवर पत्रे चढवायचेत, मोठी गाडी वर वळत नाही. मग पत्रे, सिमेंट, बांबू अशा खेपा पावसाळ्यापर्यंत झाल्या. डिझेल दिंडीनं घातलं. जे गाडीला विरोध करत होते, ते त्या खेपांना हौद्यात उभे राहून सामान उतरवत होते.

2022 साली कार्तिकी एकादशी 4 नोव्हेंबरला होती. दिवाळीची पहिली अंघोळ करून दिंडी निघाली. मधे दोन वर्षं खंड पडला होता. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चढली, इंजिन तापलं तसं दोनदा थांबवून पाणी घातलं. आता नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेनं रस्ता जातो. तिथं पहिल्या मुक्कामाचा टोप चुलीवर चढला. 2021 ला गेलेल्या माणसांच्या नावानं त्या रात्री कीर्तन झालं. दरडीत घर गेलेली सहा माणसं त्या वर्षी दिंडीत चालत होती. त्यांच्या वळकट्या गाडीत होत्या.

आता पुढच्यांसाठी लिहून ठेवतो. गाडीची चावी ज्याच्याकडे असेल त्यानं पावसाळ्यात ती उंचावर ठेवावी, महाडच्या सखल भागात नाही. दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करावं. डिझेलच्या फिल्टरखालचं पाणी सोडावं. गणपती झाले की ब्रेक उघडून बघावेत, दिवाळीची वाट बघू नये. पासिंगची तारीख देवळातल्या फळ्यावर लिहावी. पाणी शिरलं तर चावीला हात लावू नये.

ही गाडीही एक दिवस जाईल. डोक्यावरचं ओझं गेलं, बैलगाडी गेली, तशीच. त्या दिवशी दुसरी काहीतरी सोय बघा, पण सामानाची सेवा बंद पाडू नका. आणि दोनशेव्या वर्षाची स्मरणिका काढाल तेव्हा सामान वाहणाऱ्यांची, गाडी धुणाऱ्यांची, पाने धरणाऱ्यांची नावंही वहीत घालून ठेवा. आम्हाला पहिल्या पिढीची नावं कुठे सापडली नाहीत. टोप मात्र अजून आहे, दरवर्षी कार्तिकात त्याला कल्हई होते आणि तो गाडीत सगळ्यांत आधी चढतो.

रामकृष्ण हरी.