रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड : चार मुक्कामांच्या फेरीचे नियोजन

हैदराबादहून सह्याद्रीत जाणारे बहुतेक जण एखादा किल्ला पाहून दुसऱ्या दिवशी परततात. पाठीवर सामान घेऊन चार-पाच दिवस डोंगरात राहायचे असेल, तर अकोले तालुक्यातील (जि. अहिल्यानगर) ही फेरी चांगली. रतनवाडीहून निघून रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी गाडीने पुन्हा रतनवाडी. जास्तीचे सामान रतनवाडीत मुक्कामाच्या घरी ठेवता येते, हा फेरीचा मोठा फायदा. हा सारा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद व शुल्क भरावे लागते आणि मुक्कामाचे नियम तिथेच विचारून घ्यावेत.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात ओढे अचानक फुगतात, धुक्यात वाट दिसत नाही आणि रतनगडाच्या शिड्या निसरड्या होतात. मार्चनंतर ओढे आटतात आणि वाटेवरचे पाणी कमी होते.

कसे पोहोचावे

देवगिरी एक्सप्रेस नांदेड, मनमाडमार्गे नाशिकरोडला जाते. तिथून घोटी–शेंडी (भंडारदरा)–रतनवाडी. शेंडीपर्यंत एसटी किंवा जीप मिळते. पुढचा प्रवास धरणाच्या जलाशयाच्या काठाने असून त्यासाठी गाडी आधी ठरवून ठेवावी.

दिवसवार आखणी

*पहिला दिवस : रतनवाडी.* प्रवरेच्या उगमाजवळचे कोरीव अमृतेश्वर मंदिर पाहावे आणि लवकर झोपावे. वाटाड्या याच दिवशी ठरवावा.

*दुसरा दिवस : रतनगड (१२९७ मी.).* तीन-चार तासांची चढण, शेवटी लोखंडी शिड्या. गडावर गुहा व पाण्याची टाकी आहेत. सायंकाळी नेढ्यातून अलंग–मदन–कुलंग आणि कळसूबाई (१६४६ मी.) पाहावे.

*तिसरा दिवस : कात्राबाई खिंडीतून कुमशेत.* फेरीतला सर्वांत कठीण दिवस. शिड्या उतरून रानातल्या फाट्यावर यायचे. एक वाट रतनवाडीला उतरते, दुसरी कात्राबाईकडे जाते. पुढे पाच-सहा तास दाट जंगल, चढ आणि मग लांब उतार.

*चौथा दिवस : कुमशेत–पाचनई–हरिश्चंद्रगड (१४२४ मी.).* सकाळी पाचनईपर्यंत चार-पाच तास. तिथे जेवण व विश्रांती, नंतर अडीच-तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर.

*पाचवा दिवस : परत.* पहाटे कोकणकडा, मग केदारेश्वराची गुहा. काठापासून दूर बसावे आणि मुलांचा हात सोडू नये. दुपारी पाचनईला उतरून राजूर–शेंडीमार्गे गाडीने रतनवाडी.

मागे फिरण्याची जागा

आखणीत मुक्कामांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुठून परतायचे ते आधी ठरवणे. चढताना उत्साह असतो. दमल्यावर मात्र 'आता थोडेच राहिले' असे वाटते आणि चूक तिथेच होते.

या फेरीत पाचनई आणि कुमशेत या दोन्ही गावांपर्यंत राजूरकडून गाडीरस्ता आहे. तिथे कोणी थकला, पाय मुरगळला, तर गाडीने परतता येते. मात्र रतनगडाखालचा फाटा ते कुमशेत या टप्प्यात मधे गाव नाही, बाहेर पडायला सोपी वाट नाही आणि फोनची रेंज भरवशाची नाही. म्हणून निर्णय फाट्यावरच घ्यावा. सकाळी दहापर्यंत फाट्यावर पोहोचलो नाही, कोणाला ताप आहे, गुडघा दुखतो आहे किंवा माणशी तीन लिटर पाणी नाही, तर सर्वांनी रतनवाडीला उतरावे. हा नियम हैदराबादेत, घरी बसून ठरवावा. तिथे चर्चा नको. वेग नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याचा धरावा.

घरी ठेवायचा कागद

रोजचा मुक्काम, वाटाड्याचा व गाडीवाल्याचा फोन, प्रत्येकाचा रक्तगट व औषधे हे सारे एका कागदावर लिहून घरी द्यावे. 'चौथ्या दिवशी रात्रीपर्यंत फोन आला नाही तर घाबरू नका. पाचव्या दिवशी रात्रीपर्यंतही आला नाही तर यांना कळवा' इतके स्पष्ट लिहावे. ११२ आणि १०८ सोबत महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांकही निघण्यापूर्वी शोधून त्यावर लिहावा.

सामान

एकूण ओझे नऊ-दहा किलोंच्या आत. चांगली पकड असलेले, आधी वापरलेले बूट. हेडटॉर्च, थंडीचे कपडे, झोपण्याची पिशवी, क्रेप बँडेज, ओआरएस, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी, चिवडा. गावात भाकरी-पिठले, भात मिळतो, पण आदल्या दिवशी कळवावे. अत्तर लावू नये आणि धूर करू नये, कारण कडेकपारीत आग्या मोहोळे असतात. कचरा परत आणावा.

इथली तयारी

किमान दोन महिने आधी सुरुवात करावी. भोनगीरचा किल्ला एका अखंड खडकावर आहे. तिथे उतरण्याचा सराव होतो, कारण गुडघे दुखतात ते उतारावर. पुढच्या टप्प्यात विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत भरलेली पिशवी घेऊन दिवसभर चालावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालावे. दुसऱ्या दिवशी पाय कसे चालतात, त्यावरून आपण या फेरीला तयार आहोत की नाही ते कळते. तयार नसलो, तर रतनवाडीहून फक्त रतनगड करून यावे. कात्राबाई खिंड पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असेल.